संक्रांतीनंतर आईला घेऊन देवबाग: बॅगेत काय काय भरू?

घाटावरची:
नमस्कार मंडळी. संक्रांत झाली की चार दिवस मालवणजवळ देवबागला जायचं नक्की झालंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई, वय ७४. पुण्याहून आमच्याच गाडीने, वाटेत कोल्हापूरला मुक्काम. देवबागला एका घरगुती ठिकाणी दोन खोल्या मिळाल्यात. मागचं दार उघडलं की थेट पुळण.

आईचं माहेर देवगडच्या बाजूचं. आजी गेली, घर विकलं गेलं, त्यानंतर पंचवीसेक वर्षांत तिने समुद्र पाहिलेला नाही. आता दोन्ही गुडघे दुखतात, काठीशिवाय चालता येत नाही. कुठे कुठे जायचं विचारलं तर म्हणाली, "मला फिरवू नका, एकदा पाण्यात पाय बुडवून आणा." बाकी काही घरी राहिलं तरी चालेल, पण या एका गोष्टीसाठी जे लागेल ते बॅगेत असलंच पाहिजे.

तर जानेवारीत तिकडे थंडी कितपत असते? जाड स्वेटर, पांघरुणं न्यायची का? आईच्या पायात काय घालू? वाळूत काठी चालते का? औषधं, मुलाचं सामान, जे सुचेल ते सांगा. मागे एकदा डिसेंबरात अलिबागला गेलो तेव्हा तीन बॅगा भरून नेल्या होत्या आणि पहाटे किनाऱ्यावर अंगावर घ्यायला नेमकं काही नव्हतं. यावेळी तसं व्हायला नको, आई बरोबर आहे.

खारवट:
आवशीक घेवन येवा, काय्येक भियाचा नाय.

मी मालवणातलाच. थंडीचं नीट सांगतो, कारण घाटावरून येणारी माणसं दोन टोकं गाठतात. एक तर 'कोकणात कसली आलीय थंडी' म्हणून नुसते टीशर्ट आणतात, नाहीतर महाबळेश्वरला निघाल्यासारखी बोचकी.

जानेवारीत दुपारी पारा ३१-३२ अंशांपर्यंत जातो आणि पहाटे १८-१९ पर्यंत उतरतो. आकडा ऐकून पुणेकरांना काही वाटणार नाही. पण पहाटे इथे मतलई असते. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र तेवढा निवत नाही, मग वारा जमिनीकडून दर्याकडे सुटतो. दवाने अंगण भिजलेलं, हवा दमट, त्यात हा वारा. थेट कानात शिरतो. दहा-अकराच्या सुमाराला तो पडतो, थोडा वेळ माडाचं पानही हलत नाही, आणि मग उलट दिशेने खारा वारा सुरू होतो. सकाळी दर्या ताटासारखा सपाट आणि दुपारनंतर लाटा, ते याच कारणाने. बोटीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचं असेल, डॉल्फिन बघायचे असतील, तर ते सकाळीच उरका. म्हणजे अंगावर घ्यायचं तेही सकाळसाठीच हवं.

जाड स्वेटर एकही नको. आईंना एक लोकरीची शाल, कानाला स्कार्फ आणि पायमोजे. बाकी प्रत्येकाला वारा अडवणारं पातळ जाकीट. दुपारसाठी टोपी आणि सैल कपडे. झालं.

आणि पाय बुडवायला संध्याकाळच्या गर्दीत नेऊ नका, पहाटे न्या. हवा १८-१९ अंश असते तेव्हा समुद्राचं पाणी २६-२७ च्या आसपास असतं. गार वाळूवरून जाऊन पाण्यात पाय टाकला की पाणी चक्क कोमट लागतं. दुखऱ्या गुडघ्यांना तेच बरं.

वैनगंगा:
मी भंडाऱ्याचा. आमच्याकडे जानेवारीत पारा आठ-दहावर येतो, त्यामुळे पहिल्यांदा तारकर्लीला गेलो तेव्हा घरातली सगळी लोकर बरोबर होती. चार दिवसांत एकदाही बॅगेतून निघाली नाही. थंडी वाजली ती प्रवासात. कोल्हापूरहून गगनबावड्याकडे पहाटे निघालो होतो, घाटमाथ्यावर धुकं, गाडीची काच खाली करवत नव्हती, आणि स्वेटर डिकीत सगळ्या बॅगांच्या तळाशी. तेव्हा शाल आणि जाकिटं डिकीत टाकू नका, सीटवर ठेवा. घाट उतरलात की तासाभरात अंगातून काढावीच लागतात.

पाणकावळा:
खारवट यांनी पहाटेचं सांगितलं ते सोळा आणे खरं. त्याला भरतीची जोड द्या. बॅगेत तिथी दाखवणारं कॅलेंडर टाका किंवा निघण्यापूर्वी तिथ्या लिहून घ्या. आमच्या आजोबांचा हिशोब असा: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसातून दोनदा, मधे साधारण साडेबारा तासांचं अंतर. हा हिशोब मुंबईकडे चांगला जुळतो, मालवणकडे भरती थोडी आधी येते.

आईंसाठी याचा उपयोग मोठा आहे. पूर्ण ओहोटीला पाणी लांब जातं, तिथवर चालणं त्यांना झेपणार नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, लाटेला जोर असतो, तेव्हाही नको. अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाणी बेताचं चढतं आणि बेताचं उतरतं. शिवाय नवमीला भरती बरोबर पहाटे-सकाळी येते, म्हणजे पाणी दाराजवळ. तुमच्या चार दिवसांत वद्य अष्टमी किंवा नवमी येतेय का बघा.

सामानात जाडजूड टॉवेल नको. माणशी दोन पंचे घ्या. टॉवेलात वाळू अडकते, दमट हवेत तो दोन दिवस वाळत नाही आणि वास मारायला लागतो. पंचा तासाभरात सुकतो, डोक्याला बांधता येतो, बसायला अंथरता येतो.

रानजाई:
घाटावरची, मी मागच्या वर्षी सासऱ्यांना गुहागरला नेलं होतं, त्यांचं वय ८१. बॅग भरण्याआधी एक फोन करा, निम्मं सामान त्यावर ठरतं. खोली तळमजल्यावर आहे का, न्हाणीघराला किती पायऱ्या आहेत, कमोड आहे का, आंघोळीला गरम पाणी कितीपर्यंत मिळतं, पलंग किती उंच आहे. आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं. खोली स्वच्छ होती, माणसं प्रेमळ होती, पण संडास भारतीय पद्धतीचा. बाबांनी दोन दिवस जेवण कमी केलं, जायला लागू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून ते निघालं तेव्हा मला रडू फुटलं. तुमच्याकडे कमोडची सोय नसेल तर घडीची कमोड-खुर्ची गाडीत टाका. जागा लागते, पण बाकीचं सगळं काढून ती न्या.

न्हाणीघरात घालायला एक रबरी पायपुसणं, खाली न सरकणारं. रात्री लावायला छोटा दिवा. आईंची स्वतःची उशी. औषधं दोन जागी विभागून, एक पिशवी पर्समध्ये, एक बॅगेत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो तुमच्या दोघांच्याही फोनमध्ये. देवबागहून जवळचं मोठं गाव मालवण, तिथे ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय ओरोसला.

घाटावरची:
रानजाई, फोन केला. खोली तळमजल्यावर आहे, कमोड आहे. पलंग खूप बसका आहे असं काकूंनीच सांगितलं, त्या दुसरी गादी घालून उंच करून देणार आहेत. मी हे कधीच विचारलं नसतं. मनापासून आभार.

पाणकावळा, तिथ्या बघितल्या. तिसऱ्या दिवशी पौष वद्य नवमी आहे!

आता काठीचं. मी इथल्या नदीकाठच्या वाळूत तिची काठी टेकवून पाहिली, सरळ वीतभर आत गेली. भार टाकला तर आईच पुढे पडेल. दोघांनी दोन बाजूंनी धरून नेता येईल, पण तिला ते आवडत नाही. आपल्या पायांनी जायचंय म्हणते.

खारवट:
करवंटी लावा काठीला.

नीट सांगतो. नारळाची डोळ्यांकडची अर्धी करवंटी घ्या, जून नारळाची, आतून खरवडून साफ केलेली. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तिथे भोक लगेच पडतं. कानशीने ते काठी जाईल एवढं वाढवा. काठीचं खालचं रबरी बूट काढा, करवंटी पालथी करून वर सरकवा, बूट परत बसवा. टोकापासून चार बोटं वर करवंटी राहिली पाहिजे. ती आणखी वर सरकू नये म्हणून तिच्या डोक्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा, सात-आठ वेढे. टोक वाळूत चार बोटं जातं आणि मग करवंटीचा काठ वाळूवर बसतो, पुढे जात नाही. माझ्या आज्याला वडिलांनी अशीच करून दिली होती, तो शेवटपर्यंत रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढतात तिथे, जायचा तिच्या आधाराने.

आणखी एक. कोरड्या वाळूतून जास्त चालवू नका. पुळणीवर कोरडा पट्टा ओलांडायला जवळचीच वाट धरा, घरापासून पाण्यापर्यंत जिथे तो सगळ्यात अरुंद आहे ती. काकू दाखवतील. पुढे ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट लागते. प्लास्टिकची खुर्ची नेलीत तर पायांखाली फळी टाका, नाहीतर मागचे पाय रुततात आणि माणूस मागे कलंडतं.

साखरफुटाणा:
काय सुंदर कल्पना आहे! माझ्या आत्यासाठी आजच करून ठेवते.

पायात काय, याचं उत्तर राहिलं. चामड्याचं काहीही नको, कोल्हापुरी तर नाहीच. खाऱ्या पाण्याने चामडं कडक होतं आणि तडकतं. आईंना मागे पट्टा असलेले रबरी सँडल. नुसती सपाता वाळूत मागे राहते आणि पाय पुढे जातो. किल्ल्यावर जाणार असाल तर धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तळव्याला खाचा असलेलीच पादत्राणं हवीत. साडीसुद्धा सुती नको. भिजली की पायाला चिकटते आणि जड होते. सिंथेटिक नेसवा, परकर घोट्याच्या चार बोटं वर.

पाणकावळा:
साडीबद्दल मान्य, पण 'सुती नको' हे सगळ्याच कपड्यांना लावू नका. पाण्यात उतरायचे कपडे सिंथेटिक, पाण्याबाहेरचे सुती. दुपारी ३२ अंशांत दमट हवेत अंगाला सिंथेटिक घातलं की घामोळं येतं. मुलाला समुद्रात जायला पूर्ण बाह्यांचा पोहायचा टीशर्ट द्या, दोन तास पाण्यात राहिला की खांदे भाजून निघतात. उन्हाळा नाही म्हणून उन्हाचं मलम घरी ठेवू नका. हिवाळ्यात वारा गार लागतो, ऊन लागलेलं कळत नाही, रात्री अंग धगधगतं तेव्हा कळतं.

दूरदेशी:
आम्ही न्यू जर्सीहून दर दोन वर्षांनी जानेवारीत येतो, सिंधुदुर्गात सासर आहे. मुलांच्या बाबतीत माझा अनुभव: खेळणी विकत घेऊ नका, स्वयंपाकघरातली जुनी चाळणी, डाव आणि एक छोटी बादली द्या. चाळणीतून शिंपले वेगळे करण्यात आमची दोघं तीन-तीन तास रमतात. शिंपल्यात जीव असेल तर परत पाण्यात सोडायला शिकवलंय.

अंगाला चिकटलेल्या वाळूवर लहान बाळाची पावडर. अंग कोरडं झालं की भुरभुरायची आणि हाताने झटकायची, वाळू झरझर गळून पडते. गाडीत बसण्याआधी हे करा. केसांना पाण्यात जाण्यापूर्वी खोबरेल चोपडा, नंतर गुंता सुटतो.

स्कूबा करणार असाल आणि परत विमानाने जायचं असेल तर एक लक्षात ठेवा. पाण्याखाली गेल्यावर लगेच विमानात बसू नये, निदान १२ तास आणि शक्यतो १८ तास मधे जाऊ द्यावेत. सिंधुदुर्गातलं चिपीचं विमानतळ २०२१ मध्ये आणि गोव्यातलं मोप्याचं २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून सकाळी स्कूबा आणि दुपारी विमान असं आखणारे खूप भेटतात. तिथे प्रत्येक जण सांगेलच असं नाही. सर्दी असेल तर स्कूबा पुढे ढकला, कान मोकळे होत नाहीत आणि दुखणं वाढतं.

गाजर_हलवा:
मुलासाठी फरसाणाची दोन-तीन पाकिटं घ्या. बोटीवरून पांढऱ्या पक्ष्यांना टाकलं की ते अगदी हातापर्यंत येतात. आमच्या मुलीचा सहलीतला सगळ्यात आनंदाचा क्षण तोच होता.

पाणकावळा:
मुलीचा आनंद मी समजू शकतो, तरी कळकळीने सांगतो, कृपया नेऊ नका. ते कुरव पक्षी. हजारो किलोमीटर उडून हिवाळ्यापुरते आपल्या किनाऱ्यावर येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत तेवढंच उडून जातात. त्यांचं खाणं मासे. तेलकट, खारट फरसाणाने पोट भरतं आणि परतीच्या प्रवासाला लागणारी ताकद त्यातून येत नाही. त्याऐवजी मुलाला दुर्बीण द्या, साधी चालेल. सकाळी मच्छीमारांच्या होड्या लागतात तेव्हा कुरव आपोआप खाली येतात. तेव्हा त्यांच्या चोची, पाय, पंखांची काळी टोकं नीट बघता येतात.

गाजर_हलवा:
हे मला खरंच माहीत नव्हतं. पुढच्या वेळी नेणार नाही.

हर्णैची_वाट:
मी दापोलीची. आमच्याकडे येणाऱ्यांनी वरचा थंडीचा हिशोब तसाच धरू नये. दापोली गाव पठारावर आहे, जानेवारीत तिथली पहाट बोचरी असते, स्वेटर लागतोच. खाली मुरुड-कर्द्याला उतरलं की हवा पुन्हा वेगळी. मुक्काम वर की खाली, ते बघून बॅग भरा.

टॉर्चबद्दल कुणी लिहिलं नाही. वीज जाते, माडांच्या वाटा अंधाऱ्या, टॉर्च हवाच. पण पुढच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने लावून ठेवा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गातही. पांढरा झोत पडला तर मादी अंडी न घालताच पाण्यात परतते. पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात, आणि ती उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून किनाऱ्यावरचा दिवा त्यांना समुद्राऐवजी उलट्या वाटेला नेतो. वेळासला २००२ पासून लोकांनी ही घरटी राखली, तेव्हा कुठे आज पिल्लं बघायला मिळतात.

सुशेगाद:
पेडण्याहून. रोख पैसे! शंभर-पन्नासच्या नोटा. किनाऱ्याला लागून नेटवर्क येतं-जातं, शहाळंवाल्याकडे, बोटवाल्याकडे फोन हलवत उभं राहावं लागतं. गाडीची दुसरी किल्ली वेगळ्या माणसाच्या खिशात. आमच्या पाहुण्याची रिमोटवाली किल्ली खिशातच राहिली आणि तो पाण्यात उतरला, तीन तास गाडी उघडली नाही. आणि गाडी पुळणीवर उतरवू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. भरती थांबत नाही.

जेलीफिश चावला तर गोड्या पाण्याने धुऊ नका, वाळूने चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. कोळंबी, खेकडे पहिल्यांदाच खाणारं कुणी असेल तर डॉक्टरांना विचारून अॅलर्जीची गोळी जवळ ठेवा.

वैनगंगा:
खाण्याचं काय न्यायचं? आम्ही लाडू, चकल्या, ठेपले, सगळं नेलं होतं.

खारवट:
घाटातला एक डबा सोडला तर काही आणू नका. सकाळी घावणे-चटणी किंवा आंबोळी, दुपारी बांगड्याचं तिखलं, सोलकढी, रात्री पेज मागितलीत तर पेजसुद्धा मिळेल. फक्त आदल्या दिवशी सांगा, म्हणजे सकाळी ताजी मासळी बघून घेतात. आईंना मऊ भात, कमी तिखट हवं असेल तर तेही सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

आणण्याऐवजी एक रिकामी कापडी पिशवी आणा. परत जाताना कुळथाचं पीठ, आमसुलं, काजू, मालवणी मसाला आणि खाजं न्यायला. सुकी मासळी नेणार असाल तर घट्ट झाकणाचा डबा हवा, नाहीतर पुण्यापर्यंत सगळे कपडे तोच वास घेऊन येतील.

आणि एक सतरंजी. हे दिवस जत्रांचे आहेत. आसपासच्या कुठल्या ना कुठल्या गावात देवळात दशावतार असणार. रात्री उशिरा सुरू होतो तो पहाटेपर्यंत. देवगडच्या माहेरवाशिणीने पंचवीस वर्षांत पखवाज आणि पायपेटी ऐकली नसेल तर तिला तिथे घेऊन जा. काकूंना विचारा, कुठे आहे ते त्यांना माहीत असतं.

घाटावरची:
मंडळी, काल रात्री परत आलो. सगळ्यांना एकेक करून लिहायचं होतं, इथेच लिहिते.

आधी सामानाचं. एकूण दोन बॅगा आणि एक पिशवी. जाकिटं सीटवर ठेवली होती, गगनबावड्याला घातली, घाट उतरल्यावर काढली, मग रोज पहाटे. पंचे सगळ्यात जास्त वापरले. पावडरीने गाडी वाचली. टॉर्चला लाल कागद लावायचं काम मुलाने केलं आणि रात्री अंगणात निघताना प्रत्येकाला "पांढरा नको" म्हणून बजावत होता. दुर्बिणीवरून त्याची आणि बाबांची रोज ओढाताण. न वापरलेलं म्हणजे छत्री, मी उगाच टाकलेली, आणि आईचा दुसरा स्वेटर. डासांचं मलम मात्र संपलं, संध्याकाळी माडाखाली बसलं की लागायचंच.

दुसऱ्या रात्री शेजारच्या गावात दशावतार होता. सतरंजी आणि शाल दोन्ही तिथे कामाला आल्या. खाली बसणं आईला जमत नाही, देवळातल्या कुणीतरी न सांगता खुर्ची आणून दिली. राजा बाहेर आला आणि बोलायला लागला तसं आई पुढचं वाक्य त्याच्या आधी ओठात म्हणत होती. दोन वाजता मी म्हटलं निघूया, तर म्हणाली, "संकासुर येऊन गेला, आता कुठे रंगलंय."

आता नवमीची पहाट. काठी मी इथेच तयार करून नेली होती. करवंटीला भोक वाढवायला अर्धा तास लागला, हाताला फोड आला, पण बसली घट्ट. साडेसहाला उठवलं. अजून अंधार होता, अर्धा चंद्र बरोबर डोक्यावर. काकूंनी वाट दाखवली, कोरडी वाळू मोजून तीस-पस्तीस पावलं. आई दोन पावलं टाकायची, थांबायची, काठी उचलायची, पुढे टेकायची. करवंटी टेकली की वाळूवर गोल ठसा उठायचा. मी मागे वळून पाहिलं तर आमच्या दारापासून तिथवर तिच्या सँडलांच्या दोन ओळी आणि मधे ते गोल गोल ठसे. मी हात पुढे केला नाही. फार अवघड गेलं मला ते.

ओल्या वाळूवर आल्यावर ती थोडी भरभर चालायला लागली. वारा पाठीमागून होता, खारवट म्हणाले तसा, जमिनीकडून. शाल डोक्यावरून घेतली होती. पाणी अगदी संथ, लाट अशी नव्हतीच, नुसतं पुढे येऊन मागे जात होतं. तिने सँडल काढून मागितले नाहीत, तशीच आत गेली, घोट्यापर्यंत. आणि मग पंचवीस वर्षं पुण्यात जे बोलणं मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते आलं.

"गो, पाणी हून असा!"

आम्ही तिघंही तिच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. खरंच कोमट होतं. ती कितीतरी वेळ हलली नाही. मागे माडांवरून उजाडायला लागलं तेव्हा मी खुर्ची आणि फळी आणली, ती पाण्यातच खुर्चीवर बसली, पाय पाण्यात. आठ वाजेपर्यंत. मग शेवटच्या दिवशी सकाळीही तेच.

खारवट, करवंटी अजून काठीलाच आहे. फरशीवर खट्ट खट्ट वाजते. काढते म्हटलं तर आई काढू देत नाही.

खारवट:
रवांदे. फुडच्या वर्साक लागतली.